ओल्या पावलांनी

माशांची टाकी घ्यायची ठरली ती मयूरीसाठी. पावसाळ्याच्या तोंडावर तिला टायफॉइड झाला होता. ताप उतरला, रिपोर्ट स्वच्छ आले, पण पोरगी काही माणसांत येईना. ताटातली पोळी चिवडत बसायची, शाळेचं नाव काढलं की पांघरूण डोक्यावर ओढायची, आणि दुपारभर खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून रस्त्यावरच्या स्कूटरी बघायची. मयूरी नऊ वर्षांची, लग्नानंतर फार उशिरा झालेली, एकुलती एक. तिचे वडील बळवंत शेडगे रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, आणि त्यांच्या उत्तरेकडच्या बदल्यांत ती हिंदीच बोलत वाढली होती. बदली होऊन जयपूरला आल्याला वर्षही झालं नव्हतं, आणि मानसरोवर भागातल्या त्या तळमजल्याच्या घरात तिच्या ओळखीचं असं कुणी नव्हतं.

"औषध आता काही नाही," डॉक्टर म्हणाले होते. "कशात तरी मन रमवा तिचं."

म्हणून एका रविवारी बळवंत तिला मुरलीपुऱ्यातल्या रणजीत भैयाच्या दुकानात घेऊन गेला. दुकान अरुंद, बोळासारखं. दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या, त्यांचा निळसर उजेड आणि पंपांची एकसुरी घरघर. वरच्या पाण्यात रंगीत मासे सुळसुळत होते. मयूरी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती वाकून एका टाकीच्या तळाशी बघत होती. तिथे बोटाच्या पेराएवढे, मातकट रंगाचे मिशाळ मासे तोंड खाली घालून, हुंगत हुंगत फिरत होते.

"कोरी है बेटा, कैटफिश," रणजीत भैया म्हणाला. "नीचे ही रहती है. ऊपर सिर्फ साँस लेने आती है."

तो बोलतोय तोवर एक मासा तीरासारखा वर आला, त्याने पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घेतला आणि पुन्हा तळाशी जाऊन बसला. मयूरी हसली. कित्येक दिवसांनी.

"दो बातें याद रखना, भाईसाहब," रणजीत भैया बळवंतला म्हणाला. "बजरी मत डालना, मूँछें घिस जाएँगी. महीन रेत चाहिए, गोल दाने वाली. और अकेली कभी मत रखना. झुंड की मछली है. अकेली पड़ी तो खाना छोड़ देगी, कोने में बैठ जाएगी."

बळवंतची नजर नकळत मयूरीकडे गेली.

टाकी त्याच दिवशी घरी आली. अडलं ते वाळूपाशी. बळवंत काम मन लावून करणारा माणूस. दुकानांतून आणलेली वाळू तो चिमटीत घेऊन गालावर घासून बघायचा. प्रत्येक वाळू टोचायची. असे दिवस गेले, आणि गौरी-गणपती आले.

त्याची बायको द्वारका वाईकडची. तिच्याकडे गौर म्हणजे पाणवठ्यावरून आणलेले पाच खडे. कळशीत घालून ते कुवार मुलीने घरी आणायचे, दोन दिवस माहेरपण करायचं आणि तिसऱ्या दिवशी दहीभात देऊन परत पाण्यात सोडायचे. नदीविना ते होईना. शेवटी रेल्वे कॉलनीतल्या कुणीतरी सांगितलं, आमेरच्या खाली, सडक सोडून आत गेलं की बाजरीच्या शेतांच्या कडेला एक जुनी बावडी, पायऱ्यांची विहीर, आहे, तिला पाणी असतं.

भर दुपारी ते तिघं तिथे पोहोचले. वर ऊन मी म्हणत होतं, पण पायऱ्या उतरायला लागल्यावर ते पाठीवरून कुणी पांघरूण काढून घ्यावं तसं निघून गेलं. खाली खाली जाणाऱ्या पायऱ्या, भिंतींत रिकामे कोनाडे, पारव्यांचा वास, आणि तळाशी हिरवं, निश्चल पाणी. आपल्याच पावलांचा आवाज थोडा उशिरा ऐकू येत होता.

"खडे उचलले की बोलायचं नाही," द्वारका मयूरीला सांगत होती. "आणि मागे वळून बघायचं नाही. थेट आपल्या उंबऱ्यापर्यंत."

"मतलब, मागे बघितलं तर?"

"तर तिला वाटतं, हिचा आपल्यावर भरवसा नाही. मग ती येत नाही."

मयूरीने वाकून पाण्यातले खडे उचलले. बळवंतचं लक्ष मात्र पायाखाली गेलं होतं. पाण्याच्या कडेला, शेवटच्या पायरीवर, वाळू साचली होती. त्याने ती चिमटीत घेतली, गालावर घासली. पिठासारखी मऊ. एक कण टोचला नाही.

"आपण पाच खडे मागितलेत," द्वारका हळूच म्हणाली. "तेवढंच घ्यावं ना."

"वाळूला कोण विचारतंय?" म्हणत त्याने गाडीतून तांदळाचं रिकामं पोतं आणलं आणि अर्धं भरून घेतलं.

घरी आल्यावर सगळं रीतसर झालं. द्वारका पुढे होऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली. मयूरीच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला आणि विचारलं, "कोण आलं?"

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

"ये, बस, राहा."

कळशी आत गेली. तेवढ्यात बळवंत पोतं खांद्यावर घेऊन आला. मयूरीच्या अंगात सण चढला होता. आईच्या हातातला तांब्या हिसकावून ती दारात आडवी उभी राहिली.

"कोण आलं?"

आजारपणानंतर पोरगी पहिल्यांदाच खेळत होती. त्या आनंदात बळवंत काहीही बोलला असता. "पाहुणे आलेत," तो म्हणाला.

"कशाच्या पावलांनी आले?"

पोतं ठिबकत होतं. त्याची पाठ, विजार, चपला सगळं भिजलं होतं. "ओल्या पावलांनी आले."

मयूरीने त्याच्या पायांवर पाणी ओतलं, भाकरतुकडा ओवाळल्यासारखा केला आणि ऐटीत म्हणाली, "या, बसा, राहा."

"मयू," देव्हाऱ्यापासून द्वारकाचा आवाज आला. "नाव न घेता दारात कुणाला राहा म्हणू नये गं."

"क्यों?"

"गौरीला बोलावतो तसं तिसऱ्या दिवशी पाठवतोही. ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याला पाठवायचं कसं?"

"अगं, वाळू आहे ती," बळवंत हसत म्हणाला. "माशांचं अंथरूण."

तिसऱ्या दिवशी ड्यूटी सांभाळून त्याने द्वारकाला बावडीवर नेलं. दहीभात झाला, पाच खडे पाण्यात गेले. पोतं मागच्या ओट्यावर तसंच होतं.

मग त्याने सवडीने टाकी लावली. वाळू बादलीत घेऊन धुतली, पाणी नितळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली. वास तेवढा गेला नाही. बंद खोलीत राहून गेलेल्या ओल्या कपड्यांसारखा. तळाशी वाळू पसरून तिच्यावर बशी ठेवली आणि बशीवर हळूहळू पाणी सोडलं, म्हणजे गढूळ होत नाही. एक लाकडाचा तुकडा, चार रोपं, स्पंजचा फिल्टर आणि त्याचा घरघरणारा पंप. पाणी मुरून माशांना सोसेल असं व्हायला काही आठवडे लागतात, तेवढे त्याने थांबून काढले. आणि नवरात्र झाल्यावर रणजीत भैयाकडून कोरी माशांची एक झुंड आणून सोडली.

मयूरी बदलली. शाळेतून आली की दप्तर टाकून टाकीपुढे बसायची. ताटही तिथेच घ्यायची आणि चाटूनपुसून संपवायची. गालांवर रंग आला. द्वारकाने देवापुढे साखर ठेवली.

मासे मात्र वागायला हवे तसे वागत नव्हते. पुस्तकात लिहिलं होतं, हे सगळा तळ हुंगून काढतात. हे एक कोपरा सोडून फिरायचे. त्या कोपऱ्यात वाळू किंचित खचली होती, कुणी मांडी घालून बसल्यासारखी. आणि संध्याकाळी दिवे लागले की सगळे मासे त्या कोपऱ्याकडे तोंडं करून अर्धगोलात बसायचे, गोष्ट ऐकायला बसावं तसे. मधल्या रिकाम्या जागेतून बुडबुडे निघायचे. एक... मग थोडा वेळ काही नाही... मग एक. बळवंतला त्याचं कारण माहीत होतं. वाळूत वायू कोंडतो. सळईने ढवळलं की मोकळा होतो. त्याने ढवळलं. तो ओलसर वास खोलीभर पसरला आणि आत सळईचं टोक कुणीतरी, अगदी हलकेच, धरलं.

त्याने सळई सोडून दिली. मुळं अडकली असतील, त्याने स्वतःला सांगितलं.

टाकीतलं पाणीही कमी व्हायचं. जयपूरची हवा कोरडी, पाणी उडतंच. तो रोज भर घालायचा.

घरकामाला येणारी सुमन एके दिवशी फरशी पुसता पुसता थांबली. "भाभीजी, बेबी ने ढूँढाड़ी कहाँ से सीखी?"

"काय?"

"ये बोली. मेरी दादी बोलती थी ऐसे. इतनी पुरानी वाली अब गाँव में भी कोई नहीं बोलता."

टाकीपुढे बसून मयूरी काचेशी तोंड नेऊन कुजबुजत होती. "अठै आ... म्हारै कनै आ..." इथे ये, माझ्याजवळ ये. थांबायची. ऐकल्यासारखं करायची. मान हलवायची.

जिला मराठीचं एक वाक्य "मतलब" घातल्याशिवाय पुरं करता येत नव्हतं, ती मुलगी ही बोली पाण्यासारखी बोलत होती.

"वो किससे बात करती है?" सुमनने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बादली उचलून मोरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता द्वारकाने नवऱ्याला हलवून उठवलं. तिने खाली बोट दाखवलं. टाकीच्या स्टँडपासून मयूरीच्या पलंगापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. लहान पावलं, टाचेत बारीक वाळू. मयूरीचे पाय पांघरुणाबाहेर होते, कोरडे ठणठणीत.

बळवंत वाकून बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो सावकाश उभा राहिला. पावलं पलंगाकडे जाणारी होती. परत जाणारं एकही नव्हतं.

"आजच सोडून या ती वाळू," द्वारका म्हणाली.

"आणि ही पुन्हा खिडकीशी जाऊन बसली तर? बरी होतेय ना ती."

"कोण बरी होतेय?" द्वारका म्हणाली. "अहो, परवा तिने मला विचारलं, तुमच्याकडे मीठ कुठे ठेवता. तुमच्याकडे म्हणाली."

तरी त्याने आठवडाभर टाळलं. पोरगी जेवत होती, हसत होती; त्याला ते गमवायचं नव्हतं.

मग ती संध्याकाळ आली. दिवाळीनंतरची थंडी पडली होती. द्वारका बाजारात गेली होती. बळवंत ड्यूटीवरून येऊन चहा ठेवत होता, आणि एकाएकी वीज गेली. घर अंधारलं त्याचं काही नव्हतं. पण पंप बंद पडला. इतके दिवस ती घरघर कानांना सवयीची झाली होती; ती थांबली तेव्हा त्याला कळलं, तिच्याखाली आणखी एक आवाज होता. संथ, ओलसर. कुणीतरी पाण्यातून श्वास घ्यावा तसा.

"मयू...?"

त्याने मोबाइलचा उजेड बाहेरच्या खोलीत टाकला. मयूरी स्टुलावर उभी होती. उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत, गाल पाण्याला टेकलेला. मासे एकामागून एक वर येत होते, हवा घेत होते, खाली जात होते. तिची बोटं त्या कोपऱ्यातल्या वाळूत गेली होती, आणि वाळू तिच्या मनगटाभोवती वर चढत होती.

त्याने तिला कमरेला धरून ओढलं. ती हलली नाही. हडकुळी पोर ती, पण जमिनीत पुरलेल्या खांबासारखी घट्ट. त्याने पुन्हा ओढलं. खालून ओढ आली. रागाची नव्हती ती. लहान मूल निघालेल्या माणसाचा हात धरून लोंबतं, तशी होती.

"सोड तिला," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "सोड... पोर आहे माझी..."

पाण्यावर गाल टेकलेल्या मयूरीचे ओठ हलले. "एकली कोनी रैऊं," ती म्हणाली. एकटी नाही राहायची मी.

वीज आली. पंप घरघरला. मयूरी त्याच्या अंगावर कोसळली. तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते, तिच्याच बोटांएवढे.

त्या रात्री तिघं एका खोलीत दिवा न विझवता बसून राहिली. सकाळी द्वारकाने दहीभात कालवला. कोण आहे, किती वयाची, काही ठाऊक नव्हतं. म्हणून हिरव्या बांगड्या घेतल्या, गुळाचा खडा घेतला, मयूरीचा एक धुतलेला फ्रॉक घेतला. मासे बादलीत काढले. बळवंतने वाटीवाटीने सगळी वाळू उपसून त्याच पोत्यात भरली.

"हिला घरीच ठेवू," तो म्हणाला. "सुमनला बसव हिच्यापाशी."

"नाही चालायचं. जिने राहा म्हटलं, तिनेच जा म्हणायला हवं."

बावडीचं पाणी आता खूप खाली गेलं होतं. तेव्हा पाण्यात असलेल्या कितीतरी पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, काळ्या, बुळबुळीत. ते उतरत गेले. वरचं आभाळ लहान होत होत टॉवेलाएवढं राहिलं. बळवंतने पोतं पाण्यात रिकामं केलं. वाळू आवाज न करता गेली. द्वारकाने दहीभात, बांगड्या, फ्रॉक पायरीवर ठेवला.

"म्हण आता," ती मयूरीच्या कानाशी म्हणाली.

मयूरी दोघांकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते. "आई, वो अकेली आहे ना."

"म्हण, बाळा."

"जा," मयूरी पाण्याकडे बघून म्हणाली. "आता तू जा."

थोड्या वेळाने, भिंतींवरून आपटत आपटत, उत्तर आलं.

"आता तू जा."

प्रतिध्वनीच तो. त्या जागेत प्रत्येक आवाज उशिराच यायचा.

"चला," द्वारका म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा. मी तुमच्यामागे. निरोप देणारी, मयू, शेवटी निघते. आणि आता घरापर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. कुणीच."

बळवंत चढू लागला. मागे द्वारकाच्या बांगड्या वाजत होत्या. त्यांच्यामागे तिसरी पावलं. मध्येच ती थांबली. पाण्यात काहीतरी हललं, गोटा घरंगळावा एवढंच. त्याची मान वळत आली होती. पण पाठीत द्वारकाचं बोट रुतलं आणि तो चढत राहिला. मग पावलं पुन्हा यायला लागली. चपळ, हलकी. चपक, चपक.

वर आल्यावरही त्यांनी रीत मोडली नाही. गाडीचा मागचा दरवाजा उघडला, लागला. बळवंतने आरसा हाताने वर वळवून ठेवला. काचा उघड्या टाकून, उन्हातून, तिघं मुकाट्याने मानसरोवरला आली.

द्वारका सरळ आत गेली आणि देवापाशी बसली. बळवंतने रिकामं पोतं कोपऱ्यात टाकलं. बाहेरच्या खोलीत टाकी कोरडी होती. बादलीतले मासे दारापासून जेवढं लांब सरकता येईल तेवढे सरकून, एकमेकांना चिकटून होते.

त्याने वळून पाहिलं. आता बघायला हरकत नव्हती.

मयूरी उंबऱ्याबाहेर उभी होती. पाय जुळवलेले, हात पुढे धरलेले. चेहरा शांत, डोळे कोरडे. मनगटावर वळ नव्हते.

"ये ना आत, मयू."

ती हसली. पण आली नाही.

"आधी विचारायचं असतं ना, पप्पा," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत, कुठेही न अडखळता. "विचारा. कोण आलं?"

"अहो," आतून द्वारकाने हाक मारली, "घ्या तिला आत आणि दार लावा."

बळवंत दारातल्या पोरीकडे बघत राहिला. ती थांबली होती. तिला घाई नव्हती. वाट बघण्याची फार जुनी सवय असलेल्या माणसासारखी ती उभी होती. आणि तासाभराच्या उन्हातून आलेल्या तिच्या पायांखाली, दारातल्या कोरड्या फरशीवर, पाणी हळूहळू पसरत उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.